आगीची खोटी वर्दी

मिसळीच्या हॉटेलात ऑर्डर घेणारा मुलगा टेबलावर फडकं मारता मारता एकच प्रश्न विचारतो आणि बसलेल्या पुरुषमंडळींच्या छात्या आपोआप पुढे येतात. “तिखट चालतंय न्हवं?”

उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं दोनांपैकी एक द्यायचं आहे. पण त्यातला दुसरा पर्याय आजवर कुणी वापरल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आपला पगार किती हे मराठी माणूस एखादे वेळी सांगून टाकील, मुलाला गणितात किती पडले तेही सांगील, पण तिखट चालत नाही हे चारचौघांत कबूल करणार नाही. अगदीच प्रसंग आला तर खालच्या आवाजात ‘मीडियम’ म्हणेल. आता हे मीडियम म्हणजे नेमकं किती, ते गावावर असतं. पुण्यातलं जहाल ते कोल्हापुरातलं मीडियम आणि कोल्हापुरातलं मीडियम ते नागपूरच्या सावजी भोजनालयातलं लहान मुलांचं ताट. (या क्रमवारीवर कोल्हापूरकर चिडतील आणि पुणेकर लेखी हरकत घेतील. नागपूरकर काही बोलणार नाहीत, नुसतं जेवायला बोलावतील.)

ज्या वस्तूवरून एवढी अब्रू पणाला लागते तिचं नाव कॅप्सेसिन. मिरचीतून ती शुद्ध स्फटिकरूपात वेगळी काढून 1876 मध्ये तिला हे नाव दिलं ते जॉन थ्रेश या इंग्रज माणसानं. ज्यांच्या जेवणात मिरपूडसुद्धा जपून पडते त्यांनी हे काम करावं, याचं मला अजून नवल वाटतं. तर या कॅप्सेसिनला रंग नाही आणि वासही नाही. रचनेच्या दृष्टीनं त्याचं एक टोक व्हॅनिलाच्या सुगंधी द्रव्याशी मिळतंजुळतं आहे, म्हणजे मुलांच्या वाढदिवसाचं व्हॅनिला आइस्क्रीम आणि लवंगी मिरची ही लांबची भावंडं निघतात. भाऊबंदकी म्हणतात ती हीच असावी.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कॅप्सेसिनला चवही नाही. गोड, आंबट, खारट, कडू यांच्यासाठी जिभेवर सोय आहे, तिखटासाठी नाही. तिखट ही शास्त्रात चव धरतच नाहीत, वेदना धरतात. आपण ‘काय फर्मास चव आहे’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात आपल्याला दुखत असतं.

ही भानगड उलगडली डेव्हिड ज्युलियस या अमेरिकी शास्त्रज्ञानं. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णतेवर पाळत ठेवणारे पहारेकरी असतात. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर काही लागलं की ते मेंदूला आगीची वर्दी देतात. कॅप्सेसिन याच पहारेकऱ्याला जाऊन चिकटतं आणि तो, आजूबाजूला साधी काडी पेटलेली नसताना, तीच वर्दी देऊन मोकळा होतो. ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये हा पहारेकरी शोधून काढला आणि 2021 मध्ये त्यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं, आर्डेम पातापुतियन यांच्याबरोबर विभागून. पहारेकऱ्याचं नाव टीआरपीव्ही-1. नावात टीआरपी आहेच, आणि कामही तेच: काहीही जळत नसताना ‘आग, आग’ म्हणून ओरडायचं. खरी आग लागली तरीही तो ओरडतो, एवढीच त्यातल्या त्यात जमेची बाजू.

हा 43 चा आकडा वाचून माझ्या मनात आलं की नागपूरला मे महिन्यात नुसतं रस्त्यावर उभं राहिलं तरी ही वर्दी जात असणार. बाहेर तीच आणि ताटातही तीच, मग फरक कुणाला कळणार, असा काहीसा हिशेब सावजीच्या मुळाशी असावा. याला शास्त्राधार नाही, पण नागपुरात दुपारी जेवलेल्या कुणालाही विचारून पाहा.

वर्दी खोटी असली तरी शरीराची धावपळ अगदी खरी असते. आमचे एक मेहुणे आहेत, पुण्याचे. कोल्हापूरला आले की मिसळ खाणं हा त्यांचा हट्ट आणि खाताना त्यांच्याकडे बघणं हा आमचा. पहिला घास गेला की ते आजूबाजूला बघून म्हणतात, “उगीच नाव केलंय हो कोल्हापूरचं.” कॅप्सेसिनला पोचायला थोडा वेळ लागतो, त्या फटीत हे वाक्य बरोबर बसतं. दुसऱ्या घासाला त्यांचे कान लाल होतात, आणि एकदम लाल होत नाहीत, पाळीपासून वर चढत जातात. तिसऱ्याला ते बोलायचे थांबतात, जे एरवी कशानंच थांबत नाहीत. मग कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि वरच्या ओठावर घामाचे बारीक मणी. रुमाल निघतो. “उकडतंय फार,” असं ते म्हणतात तेव्हा बाहेर डिसेंबर असतो. नाक गळायला लागतं, डोळे भरून येतात, शेवटी एक उचकी. डोळ्यांतून, नाकातून, कपाळावरून शरीर एवढं पाणी सोडतं, पण आग काही विझत नाही, कारण ती लागलेलीच नसते.

आणि मग ते करायचं नाही नेमकं तेच करतात. गटागटा पाणी पितात. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, ते तेलातुपाला जवळ करणारं. त्यामुळे पाणी त्याला धुऊन नेत नाही, फक्त जिभेच्या टोकावर होतं ते उचलून टाळू, हिरड्या आणि घसा असं सगळं तीर्थाटन घडवून आणतं. उपयोग होतो तो दूध, दही, ताकाचा. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून पहारेकऱ्यापासून दूर करतं. मालवणी जेवणाबरोबर सोलकढी येते, तांबड्याशेजारी पांढरा रस्सा येतो, त्यांतला नारळाच्या दुधाचा स्निग्धपणाही याच कामाचा. मेहुण्यांच्या समोर दह्याची वाटी ठेवलेली असते. पण दही मागणं म्हणजे शरण जाणं, म्हणून ते तिच्याकडे बघतही नाहीत. बिल देताना मात्र वाटी रिकामी असते.

तेलाचं हे प्रेम ध्यानात आलं की मिसळीची सगळी मांडणीच उलगडते. कटावर तरंगणारी जी तर्री, ती म्हणजे मिरचीतलं जे जे तेलात उतरतं ते सगळं वर येऊन बसलेलं असतं. खाली मटकी गरिबासारखी निजलेली. अनुभवी माणूस म्हणूनच वाढणाऱ्याला “वरचं घाल” किंवा “वरचं सोडून घाल” असं नेमकं सांगतो. पण तर्रीच्या रंगावरून कुणी अंदाज बांधू नये. मिरचीचा लाल रंग देणारं द्रव्य वेगळं, त्याचं नाव कॅप्सँथिन, आणि त्याचा तिखटाशी काडीचा संबंध नाही. ब्याडगी मिरची रक्तासारखा रंग देते आणि स्वभावानं गरीब असते. लवंगी अंगानं एवढीशी, रंगाचा डौल नाही, आणि घास घशाखाली जाऊ देत नाही. म्हणून मसाला करणारी बाई दोन्ही घेते, एक दिसण्यासाठी आणि एक असण्यासाठी. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत पांढऱ्याशुभ्र दाण्यांमागे लपलेला हिरव्या मिरचीचा तुकडा जे करून जातो, ते लालभडक दिसणाऱ्या कित्येक रश्शांना साधत नाही. उपवासाच्या दिवशी माणूस बेसावध असतो.

आणखी एक गैरसमज घरोघरी पाळला जातो. ‘बिया काढल्या, आता तिखट नाही लागायची.’ बिया निरपराध असतात. कॅप्सेसिन तयार होतं ते बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात. वाईट संगतीमुळे बियांच्या अंगाला ते लागतं, एवढाच त्यांचा गुन्हा. पण आपण बिया झाडून टाकतो आणि तो पांढरा गाभा निगुतीनं कढईत घालतो.

तिखट मोजता येतं, ही गोष्ट आपल्या लोकांना फार उशिरा कळली. आपल्याकडे मापं होती ती ‘बरं आहे’, ‘सणसणीत आहे’, ‘झणझणीत आहे’ आणि ‘बोलू नकोस, पाणी दे’. 1912 मध्ये डेट्रॉइटच्या एका औषध कंपनीत नोकरीला असलेल्या विल्बर स्कोव्हिल नावाच्या औषधशास्त्रज्ञानं आकडा काढायची पद्धत बसवली. मिरचीचा अल्कोहोलमधला अर्क साखरेच्या पाण्यात घालायचा आणि पाच जणांना चाखायला द्यायचा. तिखट लागलं की आणखी पाणी. पुन्हा चाखा. पाचांतल्या बहुमताला काहीच तिखट लागेनासं होईपर्यंत पातळ करत जायचं आणि किती पट पातळ केलं तो त्या मिरचीचा आकडा. ढोबळी मिरचीचा आकडा शून्य. मेक्सिकोची हालापेन्यो साधारण अडीच हजार ते आठ हजार. शुद्ध कॅप्सेसिन एक कोटी साठ लाखांच्या घरात. आता हे काम यंत्र करतं, पण आकड्यांना नाव अजून स्कोव्हिल यांचंच आहे. त्या पाच जणांचा विचार मात्र मनातून जात नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर बायको विचारत असेल, आज ऑफिसात काय केलं?

हा प्रयोग कोल्हापुरात झाला असता तर शास्त्राची अपरिमित हानी झाली असती. पाचही जणांनी पहिल्याच पेल्याला, डोळे पुसत, “काय नाही, काय लागत नाही” म्हणून सांगितलं असतं आणि आपली मिरची ढोबळीच्या शेजारी शून्यावर जाऊन बसली असती.

आकडा आला की स्पर्धा आलीच. 2007 मध्ये आपल्या ईशान्येकडची भूत जोलोकिया जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून गिनेसच्या पुस्तकात गेली, 10,01,304 स्कोव्हिल. मोजणी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या विद्यापीठात झाली, तिथे मिरचीसाठी स्वतंत्र संस्थाच आहे. आसाम-नागालँडमधल्या आजीबाई जी मिरची वर्षानुवर्षं लोणच्यात घालत होत्या तिची जगानं दखल घेतली, आणि दखल घेतली म्हणजे दुसऱ्यांनी तिला हरवायचं ठरवलं. दक्षिण कॅरोलिनातल्या एड करी यांच्या कॅरोलिना रीपरनं 2013 मध्ये विक्रम केला आणि दहा वर्षांनी त्यांच्याच पेपर एक्सनं सरासरी 26,93,000 गाठून तो मोडला. एवढं तिखट कुणाला हवं होतं, हे विचारायचं नसतं.

आता एक नाजूक विषय. मिरची आपली नाही. ती अमेरिका खंडातली. कोलंबस मिरी शोधायला निघाला आणि भलतीकडे पोचून मिरची घेऊन आला, तिथून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ती आपल्या किनाऱ्याला लागली. गोवा त्यांनी 1510 मध्ये घेतला. ज्ञानेश्वरी 1290 ची. म्हणजे ज्ञानदेवांनी ठेचा-भाकर खाल्ली नाही, चक्रधरस्वामींनी नाही, आणि देवगिरीच्या यादवांच्या मुदपाकखान्यात तांबडा रस्सा शिजला नाही. त्यांचं तिखट मिरीचं, पिंपळीचं, आल्यासुंठीचं. हे मी एकदा आमच्या गावच्या मंडळींत बोललो. क्षणभर कुणी काही म्हणालं नाही. मग एक वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मग पोर्तुगीज इथवर आले कशाला? हीच खायला.” इतिहास असाही लिहिता येतो.

मुळात मिरचीच्या झाडानं हा दारूगोळा जमवला तो आपल्यासारख्यांना लांब ठेवण्यासाठी. सस्तन प्राणी दाढांनी बिया चावून टाकतात, वंश बुडवतात. पक्ष्यांना दाढा नाहीत, त्यांच्या पोटातून बी सहीसलामत बाहेर पडतं आणि लांब कुठंतरी रुजतं. म्हणून झाडानं असं विष निवडलं की जे सस्तनांना झोंबेल आणि पाखरांना कळणारही नाही. पाखरांच्या पहारेकऱ्याला कॅप्सेसिन ओळखताच येत नाही. जोशुआ टुक्सबरी आणि गॅरी नभान यांनी 2001 मध्ये रानटी मिरचीवर पाहणी करून झाडाचा हा डाव दाखवून दिला. पुढे बोलिव्हियातल्या रानमिरच्यांत असंही दिसलं की हेच तिखट बियांवरची बुरशी आटोक्यात ठेवतं.

घरोघरी पिंजऱ्यात पोपट होते त्या काळी त्यांना तांबडी मिरची द्यायची पद्धत होती. पाहुणे आले की मुद्दाम दाखवायचे: “बघा, कसा कचाकचा खातोय!” मुलांना पोपटाचं उदाहरण देऊन पालेभाजी तिखट म्हणून टाकू नये असं सांगितलं जाई. बिचाऱ्या मिठूचा यात काहीच पराक्रम नव्हता. अख्ख्या घरात “काही लागत नाही” हे खरं बोलणारा तो एकटाच होता, इतकंच.

झाडाचा बंदोबस्त उंदरांना समजला, हत्तींना समजला, फक्त माणसाला समजला नाही. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं मेक्सिकोतल्या एका खेड्यात याचा छडा लावायचा प्रयत्न केला. गावातली माणसं लहानपणापासून मिरचीवर वाढलेली. त्यांच्या उष्ट्यावर जगणारी कुत्री आणि डुकरंही रोज तेच तिखट खाणारी. पण तिखट आणि बिनतिखट खाऊ समोर ठेवला तेव्हा जनावरांनी बिनतिखट आधी उचलला. माणूस तेवढा, आपल्याला खरोखर काही होणार नाही हे पक्कं माहीत असल्यामुळे, त्या भाजण्याची मजा घेतो. जत्रेतल्या उंच पाळण्यात पैसे देऊन किंचाळतो, तसाच हा प्रकार, असं रोझिन यांचं म्हणणं. आमच्या मेहुण्यांना मी हे सांगितलं. त्यांना त्यातली कुत्र्यांची हकिकत तेवढी लक्षात राहिली आणि अजून ते त्यावरून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मजा संपली की हत्यार सुरू होतं. ‘डोळ्यांत मिरचीपूड टाकून रोकड लंपास’ या बातमीशिवाय मराठी वर्तमानपत्राचं जिल्हा पान अपुरं वाटतं. 13 फेब्रुवारी 2014 रोजी तर तेलंगणाच्या वादात लोकसभेतच मिरचीचा फवारा उडाला आणि खासदार डोळे चोळत बाहेर पडले. सभागृहात एवढ्या जणांच्या डोळ्यांत एकाच वेळी पाणी आल्याचा प्रसंग विरळाच. दोन वर्षांनी काश्मीरमध्ये जमाव पांगवण्यासाठी पावा नावाचे गोळे आणले गेले, त्यांतलं रसायन कॅप्सेसिनचंच प्रयोगशाळेत तयार केलेलं भावंड.

आमच्या आत्याला यातलं कुठलंच नवं वाटणार नाही. मीठमोहऱ्या आणि तांबड्या मिरच्या उतरून ती निखाऱ्यावर टाकते आणि सगळ्यांना ठसका लागेपर्यंत उभी राहते. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर, असं तिचं निदान. तिचा मुलगा न्यू जर्सीत आहे. नातू झाला तेव्हा तिथे जाऊन तिनं तव्यावर मिरच्या टाकून बाळाची दृष्ट काढली. छताला बसवलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं, इमारत रिकामी झाली आणि लाल बंब आला. धिप्पाड जवानांनी सगळं घर तपासलं. आग नव्हती, पण तव्याजवळ पोचलेल्या प्रत्येकाला जबरदस्त ठसका लागला. “कुणाची लागली नव्हती बघ,” आत्या समाधानानं म्हणाली.

ठेचा करावा तिनंच. हिरव्या मिरच्या तेलावर काळे डाग पडेपर्यंत परतायच्या, त्यातच लसणीच्या पाकळ्या, शेंगदाणे, जाडं मीठ, आणि तव्यातल्या तव्यात तांब्याच्या बुडानं रगडायचं. खोकत खोकत पण थांबायचं नाही. रात्री हातांची लाही होते. पाण्यानं धुऊन काही होत नाही, हे तिला केसीनशिवाय ठाऊक आहे. ती तेल चोळते.

तर हल्ली तिचे गुडघे दुखतात आणि डॉक्टरांनी तिला कॅप्सेसिनचं मलम लिहून दिलं. काट्यानं काटा काढायचा प्रकार. रोज लावत राहिलं की पहारेकरी ओरडून ओरडून थकतो आणि मग खऱ्या दुखण्याचीही वर्दी द्यायला कंटाळतो. मज्जातंतूंच्या जुनाट वेदनेवर तर आठ टक्के कॅप्सेसिनची पट्टी मिळते, ती डॉक्टरच हातमोजे घालून लावतात. रोज ठेचा खाणाऱ्यांच्या जिभा मुरतात त्या याच कारणानं, त्यात गावच्या पाण्याचा काही गुण नाही. आत्यानं ट्यूबवरची सूचना मोठ्यानं वाचून घेतली: डोळ्यांना लागू देऊ नये, लावल्यावर हात स्वच्छ धुवावेत. “एवढी वर्षं मिरच्या कुटल्या, मला नाही कुणी कागद दिला,” ती म्हणाली.

आतोबा इतका वेळ पेपर वाचत होते. त्यांनी ट्यूब हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरली. “शून्य पूर्णांक शून्य सात पाच टक्के! एवढ्यानं काय होतंय?” आणि वाटाण्याएवढं मलम बोटावर घेऊन मनगटाला चोळलं. थोडा वेळ वाट पाहिली. काहीच होत नाही हे बघून विजयी मुद्रेनं आमच्याकडे वळले, आणि चष्मा पुन्हा नाकावर ठेवायच्या आधी, सवयीनं, त्याच बोटानं डोळा चोळला.